पक्षिनियंत्रणासाठी एअरगन (ब्रिटनमधील गोठे व धान्यकोठारे)

गोठे, धान्यकोठारे, मुरघासाचे आडोसे आणि यंत्रांच्या शेड यांत वस्ती करणाऱ्या उपद्रवी पक्ष्यांना, मुख्यतः पारव्यांना, मारण्यासाठी ब्रिटनमध्ये एअरगनचा, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचा, वापर केला जातो. इमारतीच्या आत दारूगोळ्याची बंदूक चालवणे धोक्याचे असते आणि तिच्या आवाजाने जनावरे बिथरतात. त्यामुळे कमी ऊर्जेची एअरगन हे या कामाचे रूढ साधन झाले आहे. तिची शक्ती आणि तिच्यात घालावयाचा छर्रा यांची निवड तीन गोष्टींवर ठरते : पक्षी तत्काळ मरावा, त्याच्यामागील छताला किंवा जनावरांना इजा होऊ नये, आणि कायद्याने घालून दिलेली ऊर्जेची मर्यादा ओलांडली जाऊ नये. मोकळ्या रानात जास्त शक्ती पुष्कळदा उपयोगी पडते. छताखाली मात्र ती बहुधा अडचणीचीच ठरते.

मराठीत ‘छर्रा’ हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो. शिकारी बंदुकीच्या काडतुसातून एकाच वेळी अनेक बारीक गोळ्या उडतात, त्यांनाही छर्रे म्हणतात, आणि एअरगनमध्ये एका वेळी घातली जाणारी मध्यभागी निमुळती शिशाची गोळीही छर्राच. या लेखात सर्वत्र दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

उपद्रवाचे स्वरूप

शेतावरील पारवा हा खडकाळ कड्यांवर राहणाऱ्या मूळ रानपारव्याचा, माणसाळून पुन्हा मोकाट झालेला वंशज होय. लोखंडी कैच्या, तुळया आणि भिंतींच्या वळचणी त्याला कड्यांसारख्याच वाटतात. एक पारवा दिवसाला खाईल ते धान्य थोडे असते. खरे नुकसान विष्ठेने होते. साठवलेला गहू किंवा जव, जनावरांची गव्हाण, पाण्याच्या टाक्या आणि गवताच्या गासड्या तिने दूषित होतात. पारव्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणूंचा प्रसार होऊ शकतो. तसेच वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. विष्ठेने माखलेले धान्य खरेदीदार नाकारतात, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत तातडीची बाब.

कोणता पक्षी मारता येतो

ग्रेट ब्रिटनमध्ये १९८१ च्या ‘वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट’नुसार सर्व वन्य पक्ष्यांना, त्यांच्या घरट्यांना व अंड्यांना संरक्षण आहे. ‘उपद्रवी पक्षी’ अशी मोकळी सूट त्या कायद्यात नाही. पारवा मारता येतो तो केवळ सर्वसाधारण परवान्यामुळे. हा परवाना कोणा एका व्यक्तीच्या नावाने काढावा लागत नाही, परंतु त्याच्या अटी पाळणाऱ्यालाच त्याचे संरक्षण मिळते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेच्या कायदेशीर आक्षेपानंतर ‘नॅचरल इंग्लंड’ने तीन जुने परवाने मागे घेतले आणि ऐन हंगामात शेतकऱ्यांची धांदल उडाली. त्यानंतरच्या व्यवस्थेत सार्वजनिक आरोग्य व सुरक्षिततेसाठी ‘जीएल ४१’ आणि पिके, पशुखाद्य इत्यादींचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी ‘जीएल ४२’ हे परवाने आले. पारव्याचा समावेश दोन्हींत आहे. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे परवाने वेगळे आहेत. अटी आणि पक्ष्यांची यादी वेळोवेळी बदलत असल्याने चालू वर्षाचा परवाना वाचणे हे बंदूक उचलण्याआधीचे काम होय. मारण्यापूर्वी इतर वैध उपाय करून पाहिलेले असावेत किंवा ते व्यवहार्य नसावेत, ही त्यातील महत्त्वाची अट आहे.

गोठ्यातील सर्वांत मोठी चूक छर्‍याच्या निवडीत होत नाही, ती पक्षी ओळखण्यात होते. पारव्याबरोबर त्याच कोठारात स्टॉक डव्ह हा कबुतराच्याच जातकुळीतील पक्षी घरटे करतो. तो या परवान्यांखाली मारता येत नाही. अर्धवट उजेडात दोघे सारखेच राखी दिसतात. पारव्याचा डोळा नारिंगी-लाल असतो, तर स्टॉक डव्हचा डोळा काळाभोर दिसतो. स्टॉक डव्हच्या पंखांवरील काळे पट्टे आखूड व तुटक असतात आणि त्याची पाठ शेपटीपर्यंत राखीच असते. रानपारव्याच्या वळणाच्या पारव्यांत शेपटीच्या वरचा भाग पांढरा असतो. मोकाट पारव्यांत काळे, तांबूस, ठिपकेदार असे अनेक रंग आढळतात. हे रंगीत पक्षी ओळखण्यास सोपे, आणि राखी पक्ष्यांबाबत थोडे थांबणे इष्ट.

चिमणी आणि स्टार्लिंग हे पक्षी इंग्लंडमधील सर्वसाधारण परवान्यांतून २००५ मध्ये वगळले गेले. स्टार्लिंग हिवाळ्यात दुभत्या जनावरांच्या मुरघासावर थव्याने उतरतात आणि त्यांचा उपद्रव पारव्यांपेक्षाही जास्त असू शकतो, तरीही त्यांच्यावर या परवान्यांखाली बंदूक चालवता येत नाही. माळभिंगरी (बार्न स्वॅलो) उन्हाळ्यात त्याच तुळयांवर मातीची घरटी बांधते. गव्हाणी घुबडाच्या मराठी नावातच गव्हाण आहे. या घुबडाला कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात विशेष संरक्षण असून घरट्याजवळ त्याला त्रास देणे हासुद्धा गुन्हा ठरतो. ज्या कोठारात त्याचे घरटे आहे तेथे प्रजननकाळात बंदुकीचा विषयच संपतो.

शक्तीची मर्यादा

छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याच्यात असलेली ऊर्जा म्हणजे एअरगनची शक्ती. ती छर्‍याच्या वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते व ब्रिटनमध्ये फूट-पाउंड या एककात सांगितली जाते. १९६९ च्या नियमांनुसार १२ फूट-पाउंडांपेक्षा, म्हणजे १६.२७ ज्यूलपेक्षा, अधिक ऊर्जेची हवाई रायफल ‘विशेष धोकादायक’ मानली जाते व तिला बंदुकीचे प्रमाणपत्र लागते. हवाई पिस्तुलासाठी ही मर्यादा ६ फूट-पाउंड आहे. इंग्लंड व वेल्समध्ये या मर्यादेच्या आतील रायफल प्रौढ व्यक्तीला प्रमाणपत्राविना बाळगता येते. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून अशा रायफलीलाही प्रमाणपत्र आवश्यक झाले. उत्तर आयर्लंडमध्ये १ ज्यूलच्या पुढे प्रमाणपत्र लागते.

या मर्यादेचा छर्‍याशी थेट संबंध आहे आणि तो नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. आधी भरून ठेवलेल्या दाबहवेवर चालणाऱ्या रायफलीत (तिला ‘पीसीपी’ म्हणतात) जड छर्रा घातल्यास ऊर्जा सहसा वाढते, कारण जड छर्रा नळीत अधिक वेळ राहतो आणि हवेचा दाब त्याला अधिक वेळ ढकलतो. स्प्रिंगच्या रायफलीत बहुधा उलट घडते, तिथे हलका छर्रा अधिक ऊर्जा देतो. मर्यादेच्या काठावर बसवलेली रायफल केवळ छर्‍याचा डबा बदलल्याने बेकायदा ठरू शकते आणि मालकाला ते ठाऊक नव्हते हा बचाव चालत नाही. म्हणूनच बहुतेक कारखाने रायफल १५ ते १५.५ ज्यूलच्या आसपास बसवून पाठवतात. वेग मोजणारे क्रोनोग्राफ हे छोटे उपकरण या कामात दुर्बिणीइतकेच गरजेचे आहे.

जाहिरातींतील वेगाच्या आकड्यांवर विसंबू नये. ते आकडे पुष्कळदा अतिशय हलके मिश्रधातूचे छर्रे वापरून मिळवलेले असतात. ध्वनीच्या वेगाजवळ (सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद) गेलेला छर्रा डगमगतो आणि त्याची अचूकता जाते.

छताखाली किती शक्ती पुरते

गोठ्यातील नेम साधारणपणे ८ ते २५ मीटर अंतरावरचा असतो. गोल डोक्याचा चांगला छर्रा २० मीटर जाईपर्यंत आपल्या ऊर्जेचा सुमारे दहा ते वीस टक्के भाग गमावतो. म्हणजे १५ ज्यूलने निघालेला छर्रा पक्ष्यापर्यंत १२ ते १३ ज्यूल घेऊन पोहोचतो. तीनेकशे ग्रॅमच्या पक्ष्याच्या डोक्यासाठी ही ऊर्जा गरजेपेक्षा बरीच अधिक आहे. उरलेली ऊर्जा घेऊन छर्रा पक्ष्याच्या पलीकडे जातो आणि पलीकडे छत असते.

जुन्या ब्रिटिश कोठारांवर पुष्कळ ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत. ॲस्बेस्टॉसच्या नव्या वापरावर १९९९ मध्ये बंदी आली, पण बसवलेले पत्रे जागेवरच राहिले. असा पत्रा ठिसूळ असतो. त्याला तडा गेला तर पाणी गळते आणि घातक तंतूही मोकळे होऊ शकतात. उजेडासाठी बसवलेले फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे तर उन्हाने आणखी कमकुवत झालेले असतात. पन्हळी लोखंडी पत्र्याला जवळून भोक पडते किंवा पोचा येतो, आणि पुढे तेथूनच गंज धरतो.

म्हणून ज्यांच्या पीसीपी रायफलीत शक्ती कमी-जास्त करण्याची सोय आहे ते इमारतीत ती ८ ते ११ ज्यूलपर्यंत उतरवतात. ५.५ मिमीचा सुमारे एक ग्रॅमचा छर्रा ८ ज्यूलला सेकंदाला सुमारे १२५ मीटर वेगाने निघतो, तर १५.५ ज्यूलला तोच वेग १७३ मीटर असतो. या कपातीलाही खालची सीमा आहे. शक्ती फार कमी केली तर डोक्याऐवजी मानेला किंवा छातीला लागलेला छर्रा पक्ष्याला मारत नाही, फक्त जखमी करतो. त्यामुळे कमी शक्ती ही केवळ अचूक नेम असणाऱ्यानेच आणि केवळ जवळच्या अंतरासाठी वापरावयाची गोष्ट आहे. १५ मीटरवरून लागोपाठ पाच छर्रे दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात बसत नसतील, तर त्या हाताने शक्ती कमी करण्याआधी सराव वाढवावा. शक्ती वाढवून नेमाची उणीव भरून निघत नाही.

प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या ३० ज्यूल व त्यापुढील रायफली मोकळ्या शेतातील लांबच्या नेमासाठी असतात. छताखाली त्यांना जागा नाही.

यंत्रणेचे प्रकार

स्प्रिंगची रायफल स्वस्त, टिकाऊ आणि हवेच्या सिलिंडरपासून मुक्त असते. पण तिचा दट्ट्या पुढे झेपावताना रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. ती नेहमी सैल व एकसारखीच धरावी लागते. तुळईला टेकवून झाडल्यास नेम सरकतो आणि तिची शक्ती जागेवर बदलता येत नाही. पीसीपी रायफलीला हिसका जवळजवळ नसतो व तिचा आवाज नळीला जोडलेल्या शमकाने फार कमी होतो, त्यामुळे एक पारवा पडला तरी बाकीचे काही वेळ बसून राहतात. कार्बन डायऑक्साइडच्या कुप्यांवर चालणारी बंदूक थंडीत कमजोर पडते, कारण वायूचा दाब तापमानाबरोबर उतरतो. पारव्यांचा त्रास ब्रिटनमध्ये हिवाळ्यातच जास्त जाणवत असल्याने हा दोष लहान नाही.

छर्‍याचा व्यास

व्यवहारात ४.५ मिमी (.१७७ इंच) आणि ५.५ मिमी (.२२ इंच) हे दोनच व्यास महत्त्वाचे आहेत. ५ मिमी व ६.३५ मिमी हेही मिळतात, परंतु गोठ्यासाठी त्यांचा विशेष लाभ नाही. इंग्रज नेमबाजांत एक जुना संकेत आहे की केसाळ प्राण्यासाठी .२२ आणि पिसांच्या पक्ष्यासाठी .१७७ घ्यावी. मोकळ्या रानातील वुड पिजनच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. १५.५ ज्यूलला ४.५ मिमीचा ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २३८ मीटर वेगाने जातो, त्याचा मार्ग अधिक सरळ राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही.

छताखाली मात्र अनेक जण हा संकेत उलटा करतात. ५.५ मिमी छर्‍याच्या छेदाचे क्षेत्रफळ ४.५ मिमी छर्‍याच्या जवळजवळ दीडपट असते. तीच ऊर्जा मोठ्या क्षेत्रावर विभागली गेल्याने मोठा छर्रा कमी खोल जातो, पक्ष्याच्या शरीरातच अधिक ऊर्जा सोडतो आणि पलीकडे गेलाच तर मंदावलेला असतो. २० मीटरच्या आत सरळ मार्गाचा फायदा नगण्य असतो. म्हणून ज्याला केवळ कोठारासाठी रायफल घ्यायची आहे त्याला ५.५ मिमी अधिक सोयीचा. ज्याच्याकडे ४.५ मिमीची अचूक रायफल आधीच आहे, त्याने ती बदलण्याचे कारण नाही. शक्ती उतरवून आणि डोक्याचा आकार बदलूनही तोच परिणाम बऱ्याच अंशी साधतो.

छर्‍याच्या डोक्याचा आकार

एअरगनचा छर्रा पुढे भरीव, मध्ये बारीक आणि मागे पोकळ घेरासारखा असतो. हवेच्या दाबाने मागचा घेर पसरून नळीतील पिळाच्या आट्यांत घट्ट बसतो, आणि त्याच्या शेपटासारख्या कामामुळे छर्रा सरळ राहतो.

गोल डोक्याचा छर्रा सर्वांत अचूक असतो व बहुतेक नळ्यांना मानवतो. सपाट डोक्याचा छर्रा मूळचा १० मीटरच्या कागदी लक्ष्यांसाठी केलेला आहे. कागदाला तो स्वच्छ गोल भोक पाडतो. तो हवेत लवकर मंदावतो आणि २५ मीटरच्या पुढे भरकटतो, पण कोठारातील अंतराला हे दोन्ही दोष उपकारकच आहेत : पक्ष्याला तो जोरदार धक्का देतो व पलीकडे कमी जातो. पोकळ अग्राचा छर्रा शरीरात पसरावा असा हेतू असतो, परंतु एअरगनच्या वेगाला, विशेषतः शक्ती उतरवलेली असताना, तो जाहिरातीइतका पसरत नाही. टोकदार छर्रा डब्यावर दिसायला जहाल असला तरी या कामाला सर्वांत अयोग्य होय. तो आरपार जातो आणि टोकांत थोडा फरक पडला की नेम बिघडतो.

शिशाऐवजी कथील किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे छर्रेही मिळतात. शिसे जनावरांना विषारी असल्याने गव्हाणीवर किंवा धान्याच्या राशीवर नेम धरताना त्यांचा विचार केला जातो. मात्र ते कठीण असल्याने लोखंडी तुळईवरून अधिक जोराने उसळतात. शिसे आपटल्यावर चपटे होते व बरीच ऊर्जा तिथेच संपते. चपटा झालेला छर्राही तिरप्या कोनातून लागल्यास डोळ्याला इजा करू शकतो, म्हणून सुरक्षा चष्मा लागतोच. गव्हाणीत, मुरघासावर किंवा उघड्या धान्यावर छर्रा पडेल अशा जागी कोणत्याही धातूचा छर्रा न झाडणे हाच खरा उपाय होय.

एकाच व्यासाच्या छर्‍यांतही ४.५०, ४.५१, ४.५२ मिमी असे सूक्ष्म फरक असतात आणि प्रत्येक नळीची पसंती वेगळी असते. तीन-चार प्रकारचे छर्रे आणून, प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे कोठारातील नेहमीच्या अंतरावरून कागदावर झाडून पाहणे, याला पर्याय नाही. नीट बसणारा स्वस्त छर्रा न बसणाऱ्या महाग छर्‍यापेक्षा केव्हाही चांगला.

नेम आणि पार्श्वभूमी

दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसवलेली असते. २५ मीटरवर जुळवलेली रायफल ८-१० मीटरवर झाडली तर छर्रा खुणेच्या खाली लागू शकतो, म्हणजे डोक्याऐवजी मानेखाली. मोकळ्या रानात नेम धरणाऱ्यांची गोठ्यात फसगत होते ती इथे. पोटरी पिशवीत दाणे भरलेल्या पारव्याची छाती छर्रा अडवते आणि पक्षी उडून दुसऱ्या कोपऱ्यात तासन्‌तास तडफडतो. म्हणून रायफल सुमारे १५ मीटरवर जुळवून इतर अंतरांवरील फरक आधी टिपून ठेवतात. दुर्बीणही १० मीटरवर स्पष्ट दिसणारी लागते.

पक्ष्यामागे लाकडी तुळई, विटांची भिंत किंवा दगडी जोते असेल तेव्हाच चाप ओढावा. पारवा तुळईवर चालत असतो, थोडा वेळ दिला तर तो बहुधा सोयीच्या जागी येतो. उघड्या दारातून किंवा वाऱ्यासाठी ठेवलेल्या फटींतून गेलेला छर्रा शेताच्या हद्दीबाहेर गेल्यास तोही गुन्हा ठरतो. इमारतीत जनावरे, माणसे किंवा दूधयंत्रणा असेल तर ती आधी हलवावी किंवा काम पुढे ढकलावे. रात्री लक्ष्यावर प्रकाश टाकणाऱ्या साधनांवर १९८१ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने बंदी आहे. परवान्यात सूट असेल तेवढ्यापुरताच अशा साधनांचा वापर करता येतो.

पारवे वर्षातील जवळजवळ सर्व महिने अंडी घालतात. नर-मादी मारली गेल्यास घरट्यातील पिल्ले उपाशी मरतात, त्यामुळे आधी घरट्यांची पाहणी केली जाते. खाली पडलेला प्रत्येक पक्षी शोधून, जिवंत असल्यास तत्काळ मारून, उचलावा लागतो. मुरघासात किंवा खाद्यात राहून गेलेले मृत पक्षी जनावरांत बोटुलिझम या विषबाधेचे कारण होऊ शकतात.

बंदुकीच्या मर्यादा

नेमबाजीने पारव्यांची संख्या कायमची घटत नाही. खाद्य व आसरा शिल्लक असेपर्यंत रिकाम्या जागा आसपासचे पारवे भरून काढतात. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात दीर्घकाळ पारवे मारूनही उपयोग झाला नव्हता. १९८८ पासून तेथे लोकांनी खाऊ घालणे कमी व्हावे यासाठी मोहीम चालवली गेली आणि चार वर्षांत पारव्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. शेतावर याचा अर्थ सांडलेले धान्य झाडून घेणे, कोठारांची दारे बंद ठेवणे आणि वळचणींना जाळ्या लावणे. थोड्या पारव्यांची छोटी वस्ती असेल किंवा जाळी बसवताना आत अडकलेले मोजके पक्षी उरले असतील, तर एअरगन परिणामकारक ठरते. शेकडोंच्या थव्यापुढे ती अपुरी आहे.

भारतातील स्थिती

वरील परवाने आणि मर्यादा भारताला लागू नाहीत. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या एअरगनला परवाना लागतो, म्हणजे ब्रिटिश कोठारात सोयीची ठरणारी ५.५ मिमीची रायफल येथे परवान्याच्या कक्षेत येते. शिवाय बंदूक परवान्याविना बाळगता येते म्हणून पक्षी मारता येतो असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक वन्य पक्ष्यांच्या शिकारीस मनाई आहे. ब्रिटनसारखी शेतकऱ्यांसाठी असलेली सर्वसाधारण परवान्याची पद्धत भारतात नाही. महाराष्ट्रातील गोदामांत व गोठ्यांत पारव्यांचा बंदोबस्त मुख्यतः नायलॉनच्या जाळ्या लावून आणि झडपा बंद ठेवून केला जातो.